अनुसयामावशींचं बोलावणं

अनुसयामावशींना जाऊन आता दीड वर्ष होईल. पण अजूनही कोणी मला काही समजावून सांगत असलं आणि मी सवयीनं मान डोलवत "हो, हो" करत असलो, की त्यांचा आवाज ऐकू येतो : "हो हो कायले करता सर? परत सांगा."

समोर तलाठी असो, डॉक्टर असो, स्वतःचा मुलगा असो, मावशी आपलं सांगून झालं की थांबत आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहत. त्यानं सगळं आपल्या तोंडानं परत म्हणून दाखवलं की मगच पुढच्या कामाला. मी यवतमाळच्या एका कॉलेजात संगणक शिकवतो. रोज वर्गात "समजलं का?" असं विचारतो, मुलं एका सुरात "हो सर" म्हणतात आणि मी पान उलटतो. मावशींच्या हिशेबात हे शिकवणं नव्हतंच. एकदा त्यांना माझ्या वर्गात बसवायला हवं होतं असं वाटतं. मग वाटतं, नाही बसवलं तेच बरं झालं.

त्यांचं गाव आमच्याच जिल्ह्यातलं, ढाणकी या बाजाराच्या गावापासून सात-आठ किलोमीटर आत. कापूस, सोयाबीन, तूर, मारुतीचं देऊळ, एक शाळा, आणि पाण्याच्या टाकीवर चढलं तरच नीट येणारं नेटवर्क. उंच, काटक बाई. रबरी चपला, कमरेला बटवा, आणि चालणं असं की बरोबरच्या माणसाला मधेमधे पळावं लागे. गावात कोणाकडे बारसं असो, साखरपुडा असो, हळदीकुंकू असो, घरोघर फिरून बोलावणं द्यायचं काम मावशींचं. पत्रिका छापलेली असली तरी ती नुसती दारात टाकून भागत नाही. माणसानं उंबऱ्यापाशी येऊन तोंडानं सांगितलं तरच ते बोलावणं. एखादं घर चुकून राहिलं तर ते घर पुढची दहा वर्षं तोंड फिरवून जातं. मावशींनी पंचवीसेक वर्षं हे काम केलं आणि त्यांच्या हातून एकही घर राहिलं नाही, असं सगळं गाव सांगतं. गाव सहसा कोणाचं एकमतानं कौतुक करत नाही, म्हणून मी ते खरं धरतो.

त्यांच्या पद्धती ठरलेल्या होत्या. फेरी मारुतीच्या पारापासून सुरू करायची आणि उजव्या हातानं जायचं. निरोप पोराबाळांजवळ किंवा शेजारणीजवळ ठेवायचा नाही, घरच्या माणसालाच द्यायचा. फेरीवर असताना कोणाकडे चहा घ्यायचा नाही. एकीकडे घेतला तर सगळीकडे घ्यावा लागतो, नाही घेतला तर राग येतो, म्हणून मुळातच नाही. आणि घराला कुलूप असेल तर कडीत कडुलिंबाची एक काडी खोचून पुढे जायचं. परत येताना काडी तशीच दिसली तर घरचे अजून आले नाहीत. काडी पडलेली दिसली की उभं राहून हाक मारायची. हे मला त्यांनीच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर माझ्याकडून परत म्हणवून घेतलं.

मग त्यांचे यजमान वारले. त्यानंतर पहिलं हळदीकुंकू आलं तेव्हा बोलावणं द्यायला गावातल्या दुसऱ्या एका सुनेला धाडलं. कोणी काही बोललं नाही, मावशींनीही विचारलं नाही. हळूहळू बारशाची, साखरपुड्याचीही बोलावणी दुसरीकडे गेली. "पाय घरात राह्यले," एवढंच त्या मला एकदा म्हणाल्या. मला त्या गावाचा या बाबतीत अजून राग आहे. मावशींना नव्हता, किंवा असला तरी त्यांनी तो मला दाखवला नाही.

माझी त्यांची ओळख झाली ती यानंतर चार-पाच वर्षांनी. कॉलेजचं शिबिर त्या गावात होतं आणि मी फवारणीचं एक ॲप बनवून घेऊन गेलो होतो. औषधाच्या बाटलीचं चित्र दाबायचं, की फोन मराठीत बोलून सांगणार : पंपाला माप किती, तोंडाला काय बांधायचं, वारा कुठून असला तर थांबायचं. शाळेच्या पडवीत मी ते मोठ्या ऐटीत दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागून एक बाई उठली आणि म्हणाली, "मिली कोन समजते सर? आमच्या इकडं सारे ढक्कनानं टाकतेत. ढक्कन सांगा."

त्या मावशी. शिबिर संपल्यावर त्या मला घरी घेऊन गेल्या. यजमान हयात असताना एकदा फवारताना शेतातच पडले होते. तीन दिवस दवाखान्यात काढले, जगले, पण डोळे तेव्हापासून अधू झाले ते झालेच. मावशींनी त्या दिवशीची रिकामी बाटली धुऊनपुसून फळीवर ठेवली होती. ती माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "हे पाहा. याच्यावर सारं लिवलेलंच होतं. पन लिवलेल्याले बोलता येत नाई ना. सांगाले मानूस लागते." मी यवतमाळला परत आलो आणि मिलीचे ढक्कन केले. बाजारात तेव्हा चालणाऱ्या बाटल्या आणल्या, त्यांची ढक्कनं सिरिंजनं मोजली आणि माप बसवलं. या कल्पनेचा मला फार अभिमान वाटत होता.

ॲप बनवणं सोपं गेलं, पोचवणं अवघड. फोनमधल्या अधिकृत दुकानात ठेवायचं तर कॉलेजच्या नावानं खातं हवं, खात्याला कागद हवेत, कागदांवर सही हवी, आणि सही करणारे आमचे साहेब 'औषध' हा शब्द ऐकूनच पेनाचं टोपण लावत. त्यांचं अगदीच चूक होतं असंही आता म्हणवत नाही. पण सही झाली असती तरी फार फरक पडला नसता. गावातल्या निम्म्या फोनांत ते दुकान उघडतच नव्हतं. फोन विकणाऱ्यानं घाईत स्वतःच्याच ईमेलवर फोन चालू करून दिलेले. पासवर्ड त्याला आठवत नाही आणि यांना ठाऊक नाही. दारातच पासवर्ड मागितला की माणूस परत फिरे. तेव्हा राहिला एकच मार्ग : ॲपची फाइल एका फोनातून दुसऱ्या फोनात, फोनाला फोन लावून, थेट द्यायची.

असं दुकानाबाहेरचं काही घ्यायला गेलं की फोन आधी घाबरवतो. हे अनोळखी ठिकाणाहून आलंय, धोका होऊ शकतो, घ्यायचं का? मला वाटलं होतं, लोक इथंच बिचकतील आणि मी त्यांना सांगेन की काही नाही हो, दाबा पुढे. मावशींना मात्र तो प्रश्न मनापासून आवडला. "बरोबरच इचारून राह्यला तो," त्या म्हणाल्या. "अनोळखी मानूस दारात आला तं आपुन नाई का इचारत, कोनाचा कोन म्हून?" आणि ॲप आत आल्यावर ती परवानगी परत बंद करायला त्यांनी मला लावलं. मी कंटाळा करत होतो. "घेतलं ना आत? मंग दार लावा. उघडं कायले ठेवता?" संगणकाची पदवी माझ्याकडे होती, पण हे मला सुचलं नव्हतं.

वाटायचं काम त्यांनी आपल्याकडे मागून घेतलं. मी म्हटलं, "मावशी, एवढं फिरता कशाला? गावाच्या ग्रुपवर टाकतो, एका मिनिटात सगळ्यांकडे जाईल."

"ग्रुपवर टाकलं म्हंजे चौकात ठेवलं," मावशी म्हणाल्या. "कोनी उचललं, कोनी नाई, आपल्याले काय समजते? उद्या त्यात काई बदललं तं कोनाकोनाच्या दारी जाचं?"

दुकानातून घेतलेलं ॲप आपोआप बदलतं, हातानं दिलेलं बदलत नाही, हे मी मुलांना दर वर्षी फळ्यावर लिहून शिकवतो. पण त्याचा अर्थ 'देणाऱ्याला परत त्या दारी जावं लागतं' असा होतो, हे मावशींनी एका वाक्यात सांगितलं तरी मला तेव्हा उमगलं नाही.

अशा रीतीनं मावशी पुन्हा फेरीला निघाल्या. मारुतीच्या पारापासून, उजव्या हातानं. उंबऱ्यापाशी उभ्या राहायच्या, ॲप द्यायच्या, दार लावून घ्यायच्या, आणि म्हणायच्या, "परत सांग. वारा तोंडावर असला तं काय कराचं?" कुलूप दिसलं की कडीत काडी. शेजारच्या दोन गावांत आणि एका तांड्यावरही त्या जाऊन आल्या. तांड्यावरच्या बायका त्यांना 'याडी' म्हणायला लागल्या. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई, आणि हे मावशींनी मला दोन-तीनदा तरी सांगितलं. सव्वाशेच्या आसपास फोन झाले असतील. वही नव्हती. सगळं त्यांच्या पायांना पाठ होतं. एक अट होती : घेणाऱ्यानं पुढे कोणाला द्यायचं नाही, हवं असेल त्याला मावशींकडे पाठवायचं.

या त्यांच्या शिस्तीचा गावाला एक वेगळाच फायदा झाला. लोकांच्या ग्रुपवर लग्नाची पत्रिका म्हणून फाइली येऊ लागल्या होत्या. त्या उघडल्या की फोन दुसऱ्याच कोणाच्या ताब्यात जायचा. एक दिवस मी मावशींच्या ओसरीवर बसलेलो असताना गल्लीतला एक बाप्या तशीच फाइल घेऊन आला. उघडू की नको?

"कोनाच्या हातून आली?" मावशींनी विचारलं.

"ग्रुपवर आली."

"लगन कोनाचं हाय?"

"तेच तं समजून नाई राह्यलं. उघडलं तं समजन."

"मंग जेवाले कोन्या गावाले जाशीन?" मावशी म्हणाल्या. "पत्रिका घेऊन मानूस येते बाप्पा. मानूसच नाई आला तं पत्रिका कायची?"

तो हसत हसत ती फाइल पुसून गेला. पुढे आसपासच्या गावांत दोघा-तिघांचे फोन त्या पत्रिकेनं बिघडवले, मावशींच्या गावात एकही नाही. सायबर सुरक्षेवर मी दीड तासाचं व्याख्यान देतो. त्यात सांगण्यासारखं जे आहे ते या तीन प्रश्नांत बसतं.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो. ते सांगताना बरं वाटत नाही.

त्या पावसाळ्यात सोयाबीन कमरेला लागलं होतं, आठ दिवसांची उघडीप मिळाली होती आणि सगळीकडे फवारणीची तयारी चालली होती. मी कॉलेजात परीक्षेच्या कामावर होतो, फोन ऑफिसात जमा केलेला. दुपारी घरी आलो तर दाराला कुलूप होतं, कारण बायको बँकेत गेली होती, आणि कडीत कडुलिंबाची एक काडी खोचलेली. मी ती काडी हातात घेऊन उभा होतो तेवढ्यात समोरच्या झाडाखालून मावशी उठून आल्या. सकाळी निघून, उमरखेडला बस बदलून, फोन लागत नाही म्हणून त्या स्वतःच यवतमाळला आल्या होत्या. घराचा पत्ता शिबिरात मीच कधीतरी दिला होता.

आत आल्यावर त्यांनी बटवा सोडला आणि टेबलावर दोन ढक्कनं ठेवली. एक लहान, एक मोठं.

"ढक्कन मोठं झालं, सर."

मला क्षणभर कळलं नाही. तेच औषध, त्याच रंगाची बाटली, पण या हंगामात दुकानांत मोठी बाटली आली होती आणि तिचं ढक्कन मोठं होतं. मावशींनी पाणी ओतून पाहिलं होतं. लहान ढक्कन दोनदा ओतलं तेव्हा मोठं एकदा भरलं. आमचं ॲप मात्र चित्र दाबलं की आपल्या गोड आवाजात सांगत होतं, पंपाला दोन ढक्कन. म्हणजे नेमकं दुप्पट. मुलगा पंप भरत असताना मावशींना ढक्कन डोळ्याला मोठं दिसलं म्हणून हे लक्षात आलं. त्यांनी त्याचा पंप जमिनीवर ठेवायला लावला आणि बसस्टँड गाठला. निघण्यापूर्वी मारुतीच्या भोंग्यावरून गावात एक ओरड घालायला सांगितली होती, तोवर एकानं फवारा मारलेला होता. उलट्या झाल्या, दवाखान्यात एक दिवस ठेवलं, बरा झाला. बरा झाला हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या दुपारी मला एवढंच ठाऊक होतं की एक माणूस माझ्या ॲपमुळे दवाखान्यात आहे.

मी तिथंच संगणक उघडून बसलो. ढक्कन काढलं, मापाचा पेला घातला. पेला दुकानदाराकडून मागून घ्यायचा, हेही आवाजात घातलं. मावशी फोनच्या पडद्यावरच्या ॲपच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाल्या, "चित्राचा रंग बदलवा. लाल होतं ना? हिरवं करा. दुरून दिसलं पाह्यजे कोनतं जुनं, कोनतं नवं." बायको आली, तिनं चहा पुढे केला. मावशी म्हणाल्या, "नको माय, फेरीवर हाय मी."

फाइल त्यांच्या फोनात गेल्यावर त्यांनी विचारलं, "माह्यावाले मी पाहून घेतो. तुमी कोनाकोनाले देल्लं?"

मला सांगावं लागलं. मी ते आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकलं होतं. मावशींनी नाही म्हटल्यावर चार दिवसांनी. कौतुक हवं होतं, दुसरं काही नाही. पन्नासेक अंगठे आले, तिघांनी 'पुढे पाठवलं सर' असं लिहिलं, आणि मी खूश होऊन झोपलो. ते कुठं गेलं, कोणाच्या शेतात बोलत होतं, मला काहीच सांगता येत नव्हतं.

हे ऐकून मावशी रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या मोठं ढक्कन हातात फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "आधी माहीत असलेल्या घरी जाऊ. मंग माहीत नसलेल्या." आणि उठल्या.

मी त्यांच्याबरोबर गेलो. दोन दिवस मी त्यांच्या मागून पळत होतो. पहिलं घर मारुतीच्या पाराजवळचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी क्रम मोडला आणि आधी ज्याला उलट्या झाल्या होत्या त्याच्याकडे गेल्या. तो खाटेवर बसून पेज पीत होता. मी सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. मावशींनी मला बोलूच दिलं नाही. "माहं चुकलं," त्या म्हणाल्या. "मी तुले चुकीचं सांगतलं. आता बरोबर सांगून राह्यली, ते आइक." आणि मग प्रत्येक उंबऱ्यावर हेच. लाल मिटवायचं, हिरवं घालायचं, दार लावायचं, परत म्हणवून घ्यायचं : "ढक्कनानं मोजाचं नाई. पेल्यानं मोजाचं. लाल चित्र मिटवलं." एक म्हातारा कातावला, "काल देल्लं, आज काढून राह्यली, उद्या काय करशीन?" मावशी म्हणाल्या, "उद्या चुकलं तं उद्या येईन." दोन दिवसांत त्यांनी एकदाही माझं नाव घेतलं नाही. मी बाजूला उभा असायचो आणि लोक मला खुर्ची द्यायचे, पाणी द्यायचे, सर म्हणायचे. इतकी लाज मला पूर्वी कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरायच्या आत तांड्यावरचा शेवटचा फोन हिरवा झाला. एका घराला कुलूप होतं. माणसं माहूरला दर्शनाला गेलेली, कडीत काडी खोचून आलो होतो. परत जाताना पाहिलं तर काडी पडलेली आणि घरात चूल पेटलेली. मावशींनी हाक मारली. सव्वाशे फोनांतला एकही राहिला नाही.

माझ्या ग्रुपवरून गेलेल्यांचं काय? मी ग्रुपवर पुन्हा लिहिलं, ठळक अक्षरांत, तीनदा. पन्नासेक अंगठे आले. तिघांपैकी दोघांनी कोणाला पाठवलं ते शोधून कळवलं. तिसऱ्याला आठवत नव्हतं.

पुढच्या आठवडी बाजाराला मावशी ढाणकीत जाऊन बसल्या. बी-बियाणं आणि औषधांची दुकानं आहेत त्या रांगेत, एक पोतं अंथरून. येणाऱ्या-जाणाऱ्या शेतकऱ्याला थांबवायचं. "दादा, मोबाइल पाहू तुहा. फवाऱ्याचं लाल चित्र हाय का त्यात?" अनोळखी बाईच्या हातात कोण फोन देणार? कोणी वेड्यात काढलं, कोणी चोर म्हटलं. मग मावशींनी रीत काढली : आधी आपला फोन त्याच्या हातात ठेवायचा. "हा माहा धर. तुहा पाहून होईस्तोवर तुह्यापाशी राहू दे." यावर नाही म्हणणारा माणूस फार क्वचित निघे. लाल चित्र कधी निघायचं, बहुतेक वेळा नाही. कोणी पुसदकडचा, कोणी नांदेडकडून सोयरिकीला आलेला, कोणी झरी जामणीकडे सासुरवाडी असलेला, तिथून मेहुण्यानं दिलेलं. एक-एक करून निघत राहिले. प्रत्येकाला त्या विचारत, तुला कोणी दिलं, आणि त्यालाही सांगशील का, परत सांग.

मी दोन-तीनदा त्यांच्याजवळ जाऊन बसलो. एकदा म्हटलं, "मावशी, चूक माझी होती. तुम्ही कशाला हंगामभर उन्हात बसता?"

त्या म्हणाल्या, "ज्याच्या त्याच्या शेतात जे बोलून राह्यलं ना सर, ते ढक्कन म्हून बोलून राह्यलं. ढक्कन सांगा, असं मीच म्हटलं होतं तुमाले." मग पदरानं तोंड पुसत : "अन् घरात बसून तं लय वर्षं काढले मी."

तो हंगाम गेला, नवा आला. मावशी बाजारात बसतच होत्या. लोकांना त्यांची इतकी सवय झाली की काही जण जवळ येताच आपणहून फोन काढत आणि हिरवं चित्र दाखवून पुढे जात, पोलिसाला लायसन दाखवावं तसं. मागचा दुकानदार त्यांच्या पोत्यावर सावली पडावी म्हणून आपली फाटकी ताडपत्री बांधून देऊ लागला. हळदीकुंकवाचं बोलावणं मात्र गावानं त्यांच्याकडे परत कधी दिलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते उन्हाळ्याच्या तोंडाशी. एका लग्नाला निघालो होतो. ढाणकीला बस थांबली, बाजाराचा दिवस होता. मला खिडकीत बघून मावशी पोत्यावरून उठून आल्या. खूप वाळल्या होत्या. दुखणं तेव्हा अंगात असणार, पण मला कोणी बोललं नव्हतं, आणि विचारायचं मला सुचलं नाही. घरचं विचारून झालं, कापसाचं झालं. मग त्या एकदम म्हणाल्या, "सर, साऱ्या दुनियेचे मोबाइल पाह्यले. तुमचा पाह्यचाच राह्यला."

मी हसलो. त्यांनी आपला फोन खिडकीतून माझ्या हातात ठेवला. "हा माहा धरा."

मी माझा दिला. त्यांनी बोटानं पडदा सरकवला, एकदा, दोनदा, आणि थांबल्या. फोन माझ्याकडे वळवला. हिरव्या चित्राच्या शेजारी लाल चित्र बसलं होतं.

"मावशी, ते नुसतं माझ्या कामासाठी ठेवलंय," मी म्हणालो. "जुनं कसं होतं ते बघायला. ते काही वापरत नाही मी."

"सारेच कामासाठीच ठेवतेत," मावशी म्हणाल्या. त्यांनी लाल चित्रावर बोट दाबून धरलं, फोननं विचारलं तेव्हा 'हो' म्हटलं, आणि चित्र गेलं. फोन मात्र त्यांनी परत दिला नाही. खिडकीच्या गजाशी धरून ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या.

"परत सांगा."

बसमध्ये बायाबापे, टोपल्या, पोती. कंडक्टर बेल ओढायच्या तयारीत. सगळे बघायला लागले.

"ढक्कनानं मोजायचं नाही," मी म्हणालो. "पेल्यानं मोजायचं. लाल चित्र मिटवलं."

"जोरानं सांगा. मागं आइकू नाई आलं."

मी जोरानं सांगितलं. शेजारच्या बाकावरचा माणूस माझं ऐकत असताना नकळत खिशातला फोन काढून बघायला लागला. मावशींचं लक्ष माझ्यावरून त्याच्याकडे गेलं. माझा फोन माझ्या हातात आला, त्यांचा मी खिडकीतून परत दिला, आणि कंडक्टरनं बेल ओढली. पण बस सुटेना, कारण मावशी पुढच्या खिडकीपाशी जाऊन उभ्या होत्या आणि आपला फोन त्या माणसापुढे धरून म्हणत होत्या, "दादा, हा माहा धर."